आरएसएस रीडर, आठ महिन्यांनंतर

मागच्या जूनमध्ये घरातला जुना लॅपटॉप पुसून त्यावर फ्रेशआरएसएस हा घरीच चालवता येणारा आरएसएस रीडर टाकला. कारण काही थोर नव्हतं. गुडघेदुखीवरचा एक लेख उघडला आणि पुढचे तीन आठवडे जिथे जाईन तिथे गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती. दुखणं बाबांचं, पट्टे माझ्या मागे.

आरएसएस म्हणजे काय, ते थोडक्यात. साइट आपल्या नव्या लेखांची यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवते: शीर्षक, दुवा, तारीख, जमलं तर पूर्ण मजकूर. या फाइलला म्हणतात फीड. आपला रीडर अधूनमधून ती फाइल बघून येतो आणि नवं असेल ते आणून तारखेनुसार लावतो. १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत याची पहिली आवृत्ती बनली. ती बनवणाऱ्यांतले रामनाथन गुहा आयआयटी मद्रासचे. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं तेव्हा पुष्कळांची समजूत झाली की आरएसएसही गेलं. गेलं नाही. तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर बहुधा आजही त्याच्याच जिवावर ऐकताय. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बहुतेक साइट्सच्या पत्त्यापुढे ‘फीड’ एवढा शब्द इंग्रजीत जोडला की यादी समोर येते. यूट्यूबच्या चॅनेलला फीड असतं, विकिपीडियाच्या पानाच्या इतिहासालाही असतं.

पहिल्या महिन्यात मी दोन्ही हातांनी चुका केल्या. दिसेल ते जोडत १४० फीड्स झाले, आणि रीडरला सांगितलं दर पाच मिनिटांनी बघून ये. चौथ्या दिवशी एका छोट्या साइटने ४२९ हा कोड दाखवला, म्हणजे ‘फार वेळा येताय’. बरोबरच होतं त्यांचं. एक माणूस पदरचे पैसे घालून साइट चालवतोय आणि मी दिवसातून २८८ वेळा त्याचं दार वाजवतेय. आता तासाला एकदा. शिवाय नीट वागणारा रीडर आधी ‘मागच्या वेळेनंतर काही बदललंय का?’ एवढंच विचारतो. नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणतो आणि मजकूर पाठवतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो राशिभविष्याने. एका मराठी वर्तमानपत्राचं फीड घेतलं, तर त्यात निम्मं भविष्य. शीर्षकात ‘राशिभविष्य’ आलं की आपोआप ‘वाचलेलं’ कर, असा फिल्टर लावला. दुसऱ्या दिवशी ‘राशीभविष्य’ आलं. दोन्ही घातले. मग ‘ग्रहताऱ्यांची साथ’. ‘ताऱ्यांची’ हा शब्द घातला, तरी काही शीर्षकं निसटतच होती. डोळे फाडून बघितलं, अक्षरन् अक्षर सारखं. शेवटी कळलं की हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडखूण लावून. आपल्याला फरक दिसत नाही, फिल्टरला दिसतो. दोन्ही प्रकार आता फिल्टरच्या यादीत आहेत.

दुसरी कटकट अर्धवट फीड्सची. बरेच जण पहिल्या दोन ओळी देतात आणि पुढचं साइटवर येऊन वाचा म्हणतात. हरकत नाही, त्यांचंही पोट आहे. पण कापताना निदान शब्द तरी बघा! एकदा मजकूर ‘शिवाजी पार्’वर संपला. तो लंगडा ‘र्’ पाय सोडून बसलेला, आणि पुढे तीन टिंबं.

खाजगीपणाबद्दल उगाच फुशारकी नको. फीड वाचताना माग ठेवणारी कुकी नाही, स्क्रिप्ट नाही, ईमेल द्यावा लागत नाही. मी कुठल्या ओळीवर थांबले, काय न वाचता सोडलं, हे माझ्याच लॅपटॉपवर राहतं. पण फाइल आणायला रीडर जातो तो आमच्या घरच्या इंटरनेटच्या (आयपी) पत्त्यावरून, आणि तो त्या साइटला दिसतो. लेखातलं चित्र उघडलं की तेही तिच्याकडूनच येतं, आणि काही फीड्समध्ये नजरेला न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र, लेख कोणी उघडला ते कळावं म्हणून, मुद्दाम घातलेलं असतं. म्हणून चित्रं आपोआप उघडणं मी बंद ठेवलंय. आणि दुवा दाबून ब्राउझरमध्ये गेलात की पट्टेवाले वाट बघतच आहेत.

दिवाळीत चार दिवस सावंतवाडीला होतो. इकडे वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली, म्हणजे रीडरही बंद. वर्डप्रेसचं फीड, कोणी बदललं नसेल तर, शेवटचे १० लेखच ठेवतं. यूट्यूबचं १५ व्हिडिओ. त्यामुळे महिन्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं सगळं सापडलं, वर्तमानपत्राचे मधले तीन दिवस कायमचे गेले. ते हुडकायला मी गेले नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

आता ४७ फीड्स उरलेत. सगळी यादी ओपीएमएल, म्हणजे दुसऱ्या रीडरलाही वाचता येणाऱ्या प्रकारच्या, एका फाइलमध्ये उतरवता येते, तिची प्रत पेनड्राइव्हवर आहे. उद्या हा रीडर सोडला तरी दुसऱ्यात पाच मिनिटांत उभी राहील. ज्याला टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडायची भीती वाटते त्याने माझ्यासारखं घरी मांडू नये, थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये फीड्स वाचायची सोय आहे, तिथून सुरुवात करावी.

बाबांच्या फोनवर सहा फीड्स लावून दिलेत: दोन किल्ल्यांचे, एक पक्ष्यांचा, बाकी असेच. त्यांचा पहिला प्रश्न, “अगं, फुकट आहे ना हे? मग त्यांना काय मिळतं?”

“कोणाला, बाबा? आपल्याच लॅपटॉपवर चाललंय.”

“मग बंद पडेल.”

परवा सकाळी आतल्या खोलीतून हाक आली. “बघ, म्हटलं नव्हतं? कालपासून एक अक्षर नवीन नाही.”

जाऊन बघितलं. सगळं चालू होतं. “बंद नाही पडलं, बाबा. कोणी काही लिहिलंच नाहीये.”

“असं होय,” म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.