हिट की एरर: गेमचा निकाल धरायचा की आपल्या वहीतला?

बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या) उजव्या अंगाला गेला. दोन टप्पे बुटके, तिसरा गुडघ्याच्या वर. ग्लोव्हच्या तळाला लागून तो पुढ्यात पडला आणि उचलून फेकेपर्यंत बॅटर अर्धं पाऊल आधी फर्स्ट बेसवर पोहोचला. स्क्रीनवर 'हिट' आलं, म्हणजे बॅटरने स्वतःच्या फटक्यावर बेस कमावला. तोवर मी वहीत पेन्सिलीने 'ई६' लिहूनही टाकलं होतं, म्हणजे सहा नंबरच्या, शॉर्टस्टॉपच्या नावावर एरर (फिल्डिंगची चूक).

बेसबॉलचा व्हिडिओ गेम खेळताना शेजारी स्कोअरची वही ठेवणाऱ्याला हा पेच दर दोन-तीन सामन्यांनी पडतोच. अख्खा सीझन खेळणार असाल, तर कुणाचा निकाल धरायचा हे पहिल्या सामन्याआधी ठरवा. अर्ध्यात पद्धत बदललीत की एप्रिलचे आकडे आणि ऑगस्टचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

क्रिकेटचा स्कोअर लिहिण्यात वाढलेल्या माणसाला आधी यातलं वजनच कळत नाही. आपल्याकडे झेल सुटला, मिसफिल्ड झाली, ओव्हरथ्रो गेला, तरी बॅटवरून आलेल्या धावा फलंदाजाच्याच. चूक कुणाची, हे स्कोअररला कुणी विचारत नाही. बेसबॉलमध्ये मात्र एररवर बेस गाठला तर बॅटरचा ॲट-बॅट (सरासरीत धरली जाणारी पाळी) मोजला जातो, हिट मिळत नाही. १०० ॲट-बॅटमध्ये २५ हिट म्हणजे सरासरी ०.२५०. वादातले तीन चेंडू हिट धरले तर तोच माणूस ०.२८० चा होतो. पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) तर याहून टोकाचं. दोन बाद असताना एरर झाली आणि त्यानंतर त्याच इनिंगमध्ये तीन रन गेले, तर ते तिन्ही त्याच्या खात्यावर 'अर्न्ड' (त्याच्या दोषाने गेलेले) म्हणून चढत नाहीत, कारण इनिंग त्या चेंडूवरच संपायला हवी होती. सहा इनिंग टाकून त्याने एवढेच तीन दिले असतील, तर एका शब्दावर त्या दिवसाचा ई-आर-ए (दर नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन) ४.५० होतो किंवा ०.००.

आता गेमचा निकाल. त्याचा मोठा गुण म्हणजे तो सगळ्यांना सारखा असतो आणि आकडेमोड आपोआप होते. बॉक्स स्कोअर (सामन्याचा तक्ता), सीझनचे आकडे, पुरस्कार, सगळं एकमेकांशी जुळतं. दोष त्याच्या नजरेत आहे. मी खेळतो त्या गेममध्ये फिल्डरचा ग्लोव्ह चेंडूला लागला नाही, की निकाल बहुतेक वेळा हिटच येतो. मेजर लीगचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या अव्वल लीगचा, नियम ९.१२ तसं म्हणत नाही. चेंडू पायांमधून निघून गेला किंवा उंच उडालेला चेंडू कुणी हात न लावता जमिनीवर पडला, तरी सर्वसाधारण प्रयत्नाने तो हाती आला असता असं स्कोअररला वाटलं, तर एरर देता येते. हा 'सर्वसाधारण प्रयत्न'सुद्धा त्या लीगमधल्या, त्या जागेवरच्या सरासरी खेळाडूच्या मापाने मोजायचा असतो. म्हणजे तुमचा शॉर्टस्टॉप निष्णात आहे म्हणून त्याच्यावर जास्त कडक व्हायचं नाही आणि कच्चा आहे म्हणून सूटही द्यायची नाही.

खऱ्या मैदानावरही हे सहज सुटत नाही. ९ मे २०१४ ला टेक्सासचा पिचर यू डार्विश परफेक्ट गेमच्या (एकही बॅटर बेसवर पोहोचू न देण्याच्या) वाटेवर होता. सातव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना डेव्हिड ऑर्टिझने उडवलेला चेंडू दोन फिल्डरांच्या मध्ये पडला. स्कोअररने एरर दिली, त्यामुळे परफेक्ट गेम गेला तरी नो-हिटर (एकही हिट न दिलेला सामना) शाबूत राहिला. तोही ऑर्टिझनेच नवव्या इनिंगमध्ये मोडला. पुढे मेजर लीगने ती एरर बदलून हिट केली. त्याआधी २००८ मध्ये मिलवॉकीचा पिचर सी. सी. सबाथिया याच्या हातून बॅटरने मारलेला एक हळू चेंडू निसटला आणि हिट दिली गेली. पूर्ण सामन्यात पिट्सबर्गची तेवढीच एक हिट. क्लबने दाद मागितली, पण निकाल बदलला नाही.

वहीचा मार्ग मला जास्त आवडतो, पण त्यातला धोका खरा आहे. आपला पिचर असला की डोळ्यांना एरर दिसते, आपला बॅटर असला की हिट. त्यात कंट्रोलरवरच्या अंगठ्याचा प्रश्न वेगळाच. तुम्ही फिल्डरला चुकीच्या दिशेने पळवलंत आणि चेंडू लांबून निघून गेला, तर चूक तुमची असली तरी ती एरर नाही, कारण अंदाज चुकणं नियमात एरर धरत नाहीत. चेंडू नीट हातात आला पण फेकायला उशीर झाला, तीही नाही. थ्रोचं बटण जास्त दाबलं गेलं, चेंडू फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून गेला आणि नीट फेकला असता तर बॅटर बाद होता, तर मात्र एररच लिहायची. डबल प्लेचा (एकाच चेंडूवर दोन बाद) दुसरा बाद सहसा गृहीत धरायचा नाही. तो थ्रो भरकटला, तरी रनरला जादा बेस मिळाला नसेल तर एरर नाही.

एकटे खेळत असाल तर वहीच ठेवा. गेमचे आकडे गेममध्ये राहू देत, वहीतले वहीत, आणि दोन्हींची सरमिसळ करू नका. रीप्ले एकदाच, नेहमीच्या वेगाने पाहायचा आणि पुढचा बॅटर उभा राहायच्या आत लिहून मोकळं व्हायचं. संथ गतीने पाहिलं तर प्रत्येक चेंडू सोपा वाटतो. शंका राहिलीच तर फायदा बॅटरला, मग तो कुणाच्याही टीमचा असो, नियम ९.०५ च्या टिपणीत हेच सांगितलंय.

मित्रांची लीग असेल तर गेमचा निकाल धरा. वाद घालायचाच असेल, तर त्या सामन्यात नसलेल्या तिसऱ्याला क्लिप पाठवा आणि तो म्हणेल ते शेवटचं. मेजर लीगमध्ये दाद मागायला ७२ तास मिळतात, घरच्या लीगला एक दिवस पुष्कळ झाला. आमच्या चौघांत हे ठरायच्या आधी एका ई-आर-ए वरून दोघं पंधरा दिवस बोलत नव्हते.

त्या शॉर्टस्टॉपच्या चेंडूचा रीप्ले मी पाहिला. तिसरा टप्पा मातीच्या आणि गवताच्या सीमेवर पडून भलताच उसळला होता. असा उसळलेला चेंडू सर्वसाधारण प्रयत्नाने हाती येत नाही, तो हिटच. पिचर माझा होता, पुढे त्या इनिंगमध्ये दोन रन गेले. 'ई६' रबराने खोडलं आणि दोन्ही रन त्याच्या नावावर लिहिले.