मगरपट्टा सायबरसिटी: चार स्टार, पाचवा ट्रॅफिकने खाल्ला

पुण्यात हडपसरला मगरपट्टा टाउनशिपमधल्या सायबरसिटी या आयटी पार्कात येऊन सहा वर्षं झाली, मधे कंपनी बदलली पण कॅम्पस तोच राहिला, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू. आधीचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, नाव नको घ्यायला. चारी बाजूंनी काच, मे महिन्यात दुपारी तीनला पडदे ओढायचे, वर ट्यूबलाइट लावायच्या आणि एसी १८ वर ठेवून स्वेटर घालून बसायचं, आणि रिसेप्शनला ग्रीन बिल्डिंगची ही मोठी पाटी! झाड म्हणाल तर लिफ्टशेजारच्या कुंडीत, तेही प्लॅस्टिकचं.

इथे काच नाही असं नाही, टॉवर काचेचेच आहेत, पण खाली उतरलं की खरी सावली आहे. जेवण झालं की आम्ही चार-पाच जण चक्कर मारतो, जवळच अदिती गार्डन आहे, चांगलं २५ एकरांच्या आसपास, आणि मार्चमध्येसुद्धा दुपारी तिथे बसता येतं, हे पुण्यात आता लग्झरीच म्हणायची. ओल्या कचऱ्याचं गांडूळखत आणि बायोगॅस होतो, सोसायट्यांच्या गच्चीवर सोलरचे बंब आहेत. राहायला, शाळेला, दवाखान्याला सगळं आतच, टीममधली एक जण चालत ऑफिसला येते आणि साडेसहाला घरी चहा पीत असते, मला तिचा मनापासून हेवा वाटतो.

पण मला ही जागा आवडायचं मुख्य कारण बाग नाहीये. पूर्वी नाइट शिफ्टला कॅब यायची, ड्रायव्हर काका इथलेच, गाडी स्वतःची. एकदा सिग्नलला थांबलो असताना म्हणाले, "तो तुमचा टॉवर दिसतोय ना, तिथं आमच्या चुलत्यांचा ऊस होता." मी म्हटलं मग विकली का जमीन? तर म्हणे, "विकली कुठं, शेअर हायेत आमचे." मला आधी वाटलं फेकतायत. पण खरंच आहे ते. पुणं वाढत हडपसरपर्यंत आलं तेव्हा इथल्या १२० च्या आसपास शेतकरी कुटुंबांनी, बहुतेक सगळे मगरच, बिल्डरला तुकडे विकण्याऐवजी ४०० एकरांच्या वर जमीन एकत्र केली आणि स्वतःचीच कंपनी काढली, सतीश मगर पुढे होते त्यात. ज्याची जेवढी जमीन त्या प्रमाणात त्याचे शेअर. २००० सालाच्या सुमारास काम सुरू झालं आणि घरातल्या पोरांना कॉन्ट्रॅक्टची कामं घ्यायला शिकवलं. नाहीतर एरवी काय होतं आपल्याला माहितीये, गुंठेवारी, एक बोलेरो, एक दणक्यात लग्न, आणि पाच वर्षांनी त्याच जमिनीवरच्या बिल्डिंगला वॉचमन. पुढे सिंहगड रोडला नांदेड सिटी पण याच पद्धतीने झाली, म्हणजे तुक्का नव्हता.

आता एक टोचतंच. सातबाऱ्यावर नाव होतं त्याला शेअर, पण त्याच उसात खुरपायला जी बाई जायची तिचं काय? तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. काकांना विचारलं होतं, ते म्हणाले "हां, ते बी खरंय" आणि रेडिओ लावला.

बाकी ट्रॅफिक. आत सगळं छान, चालायला फुटपाथ आहे (पुण्यात! चालता येण्यासारखा!), पण संध्याकाळी सहानंतर गेटबाहेर पडलात की मुंढव्याकडे जा नाहीतर हडपसर गाडीतळाकडे, गाडी पहिल्या गिअरच्या वर जात नाही. दिवसभर झाडाखाली जमवलेला सगळा ऑक्सिजन तिथे अर्ध्या तासात परत. एवढी नोकरीची माणसं एका जागी आणली तर त्यांना घरी न्यायला बस पण तेवढ्या पाहिजेत, हे काम एकट्या टाउनशिपचं नाही हे मान्य, पण स्टार मात्र कापला जातो.

छोटी टीम घेऊन ऑफिस बघत असाल तर माझा सल्ला, मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सव्वासहाला बघायला या. रविवारी सकाळी कुठलीही जागा आवडते. आणि फूड कोर्टातला चहा पिऊ नका, गेटबाहेर टपरीवर प्या.