गोडोवर आठ महिने: पाण्याच्या रेल्वेची दीड मिनिटाची पिक्सेल फिल्म

लातुरात एका ऑफसेट प्रेसमध्ये मी डीटीपीचं काम करते. रात्री जेवणं झाली की नऊ ते अकरा एवढा वेळ माझा. त्या वेळात गेल्या आठ महिन्यांत गोडो या गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मी दीड मिनिटाची पिक्सेल-आर्ट फिल्म केली, म्हणजे ठळक दिसणाऱ्या चौकोनी ठिपक्यांनी काढलेली. इंजिन गेमचं असलं तरी त्यात खेळायचं काही नाही, नुसती बघायची फिल्म.

विषय मनात आधीपासून होता. मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वॅगन, जवळपास पाच लाख लिटर पाणी. मी तेव्हा नववीत होते. घरात पाणी चुळीपुरतं मोजून वापरायचो ते दिवस अजून अंगात आहेत, म्हणून ही रेल्वे मला स्वतःच्या हातानं काढायची होती.

गेम इंजिन का, तर एकदा काढलेली वस्तू त्यात हवी तितक्या वेळा ठेवता येते. गोल पोटाचा एक वॅगन मी काढला, त्याचा वेगळा सीन (गोडोत पुन्हा पुन्हा वापरता येणारा तुकडा) केला आणि पन्नास-पन्नास पिक्सेलांवर दहा वेळा ठेवला. महिनाभरानं त्याचं झाकण चुकलंय असं दिसलं. एकाच चित्रात दुरुस्त केलं आणि दहाही वॅगन सुधारले. दिवसाला दोन तास मिळणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल. शिवाय गोडो एमआयटी या खुल्या परवान्याखाली फुकट आहे. गोडो पडद्यावर चित्र उमटवायला मुळात व्हल्कन हे तंत्र वापरतं. ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालत नाही, पण नवा प्रोजेक्ट करताना जुन्या मशीनसाठीचा कंपॅटिबिलिटी रेंडरर निवडला की काम भागतं.

पण पिक्सेल-आर्ट म्हणजे काय हे गोडोला आपण सांगावं लागतं. पहिल्या रात्री वॅगन पडद्यावर आणला तर ओल्या कागदावर शाई पसरावी तशा त्याच्या कडा पसरलेल्या. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टेक्श्चर फिल्टर (चित्र लहान-मोठं करायची पद्धत) मुळात ‘लिनियर’ असतो, तो ‘निअरेस्ट’ केला की कडा धारदार होतात. मग कॅनव्हास ३२० बाय १८० ठेवला, कारण त्याची बरोबर सहा पट १९२० बाय १०८०. मधला आकार घेतला की काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात. स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’, म्हणजे आधी छोट्या कॅनव्हासवरच चित्र तयार होतं आणि मग ताणलं जातं, आणि पट पूर्णांकातच. एवढं झालं की पाया पक्का. हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त शिकवलं ते वेगानं. रेल्वेला सेकंदाला ५० पिक्सेल वेग दिला होता आणि ती चालताना मधेच उचकी लागल्यासारखी हलायची. आधी लॅपटॉपवर संशय घेतला. मग कागद-पेन घेऊन बसले. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र), म्हणजे प्रत्येक फ्रेमला दोन पिक्सेल आणि वर थोडा अपूर्णांक. तो साचत जातो आणि मधेच एका फ्रेमला तीन पिक्सेलांची उडी बसते. वेग ४८ केला, फ्रेमला बरोबर दोन पिक्सेल आले आणि गाडी रुळावर बसल्यासारखी धावली. मागच्या देखाव्याला हाच हिशेब लावला. गोडोच्या ४.३ आवृत्तीपासून पॅरलॅक्स२डी नावाचा नोड (सीनमधला तयार घटक) आला आहे, तो मागचे थर वेगवेगळ्या वेगानं सरकवतो. त्यात माळवदाची घरं अर्ध्या वेगानं, फ्रेमला एक पिक्सेल, आणि लांबची बाभळीची रांग पाव वेगानं, दोन फ्रेमला एक पिक्सेल. इंजिन धरून पूर्ण गाडी पडद्यावरून जायला अठरा सेकंद लागतात. दीड मिनिटात अठरा सेकंद पुष्कळ झाले, पण ते मी कमी केले नाहीत. दहा वॅगन डोळ्यांनी मोजता आले पाहिजेत.

माणसांचं गणित वेगळं. हंडा घेऊन चालणारी बाई आधी २४ फ्रेमलाच चालवली, तर ती पाय न उचलता वाहत गेल्यासारखी दिसली. तिला १२ वर आणलं, एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून, तेव्हा हंड्याचं वजन दिसायला लागलं. हालचाल बसवायच्या ॲनिमेशनप्लेअर नोडमध्ये ट्रॅकचा, म्हणजे हालचालीच्या पट्टीचा, अपडेट मोड ‘डिस्क्रीट’ ठेवायला विसरू नका, नाहीतर दोन जागांच्या मधलं अंतर गोडो आपल्या मनानं भरून काढतं.

पहाटेच्या उजेडानं असंच फसवलं. कॅनव्हासमॉड्युलेट या नोडनं सगळ्या सीनवर निळसर छटा टाकली आणि हळूहळू पांढरी केली. पण ती छटा प्रत्येक रंगाला गुणते, त्यामुळे माझे मोजून घेतलेले बारा रंग शेकडो होऊन बसले. शेवटी पाचच पायऱ्या ठेवल्या. उजेड टप्प्याटप्प्यानं उडी मारत येतो, आणि पिक्सेलच्या जगात तेच खरं वाटतं.

आता ज्यासाठी मी गोडोची कायमची ऋणी राहीन ती गोष्ट, मूव्ही मेकर मोड, म्हणजे चालणारा सीन व्हिडिओ म्हणून साठवायची सोय. यात रेकॉर्डिंग घड्याळाच्या वेळेत होत नाही. एक फ्रेम पूर्ण झाली, लिहिली गेली, की मगच पुढची. लॅपटॉप कितीही दमलेला असो, एकही फ्रेम गळत नाही. फक्त त्याचा वेग मुळात ६० फ्रेमचा असतो, तो आधी २४ करून घ्या. एव्हीआय किंवा पीएनजी चित्रांची मालिका, दोन्ही निघतं. आधी मी एव्हीआय घेत होते. एका रात्री मधेच लाईट गेली, माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, आणि ती फाईल नंतर उघडलीच नाही. तेव्हापासून पीएनजी. लाईट गेली तरी तोवरची चित्रं डिस्कवर शाबूत राहतात, आणि आवाजाची वेव्ह फाईल वेगळी मिळते. प्रत्येक सीन सुटा रेकॉर्ड करते म्हणजे नुकसान झालं तरी एका सीनचंच.

व्ह्यूपोर्ट मोडमध्ये ही चित्रं ३२० बाय १८० चीच निघतात, त्याला घाबरू नका. दीड मिनिटाच्या २१६० फ्रेम, तरी फाईली चिमुकल्या. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरनं ‘नेबर’ पद्धतीनं (कडा न पसरवता) सहापट मोठ्या करून मगच एमपी४ करा. एमपी४ मध्ये रंग साधारण निम्म्या बारकाईनं साठवला जातो. लहान आकारातच एमपी४ केलं तर एका पिक्सेलचं लाल कुंकू कपाळभर पसरतं.

मराठी अक्षरांबद्दल मला धाकधूक होती. प्रेसमध्ये जोडाक्षरांनी किती रडवलंय ते मलाच माहीत. गोडो ४ मध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट लागतात. पण इतक्या छोट्या कॅनव्हासवर शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार यांना जागाच उरत नाही. शेवटी ‘लातूर’ ही स्टेशनची पाटी मी पिक्सेल-पिक्सेलनं हातानं काढली, आणि फिल्ममध्ये मला सगळ्यात आवडणारं चित्र तेच आहे.

उणीव सांगायची तर चित्र काढायची सोय गोडोत नाही. त्यासाठी लिब्रेस्प्राइट हे पिक्सेल-चित्रांचं सॉफ्टवेअर वापरलं, तेही फुकट. सीन जोडायलाही दुसरं सॉफ्टवेअर लागलं. थोडं जीडीस्क्रिप्ट, म्हणजे गोडोची प्रोग्रॅमिंगची भाषा, शिकावं लागतं. माझ्या सगळ्या फिल्ममध्ये चाळीसेक ओळी आहेत.

मागच्या आठवड्यात फिल्म आईला दाखवली. गाडी गेली तोवर ती गप्प होती. टँकरच्या रांगेचा सीन आला तशी म्हणाली, “आगं, बाया कुठं रांगंत उभ्या राहायच्या एवढ्या उन्हात? रांगंत हंडे असायचे. आम्ही लिंबाखाली बसायचो, अन् टँकर आला की पळायचो.”

त्याच रात्री सातही बायका उचलून लिंबाखाली नेल्या आणि त्यांची बसलेली चित्रं काढायला घेतली. ती व्हायला चार रात्री लागल्या. काल तो सीन पुन्हा रेकॉर्डला लावला. उन्हात आता नुसते हंडे आणि कळश्या उभ्या आहेत.