सहा ओटीटी, एक टीव्ही: वर्षभर पैसे भरून वापरल्यावरचा रिव्ह्यू

गेलं अख्खं 2025 आमच्या घरात सहा ओटीटी चालू होते, सगळे स्वतःच्या पैशाने, कुणाचा पासवर्ड मागितला नाही की कुठली चोरीची लिंक वापरली नाही. आता रिन्यूअलचे मेसेज यायला लागलेत, म्हणून म्हणलं पुन्हा पैसे भरायच्या आधी एकदा नीट लिहून काढावं की काय मिळालं आणि काय नाही. एकेका अ‍ॅपचे रिव्ह्यू ढीगभर सापडतात, पिक्चर क्वालिटी कशी, कॅटलॉग केवढा, पण एका घरात एका टीव्हीवर सहा अ‍ॅप एकत्र नांदतात तेव्हा काय होतं ते कुणी लिहीत नाही आणि खरा त्रास तिथेच आहे.

आम्ही नाशिकला राहतो, घरात पाच माणसं. मी सासूबाईंपासून सुरू करते कारण टीव्ही सगळ्यात जास्त त्या बघतात. त्यांच्या मालिका निम्म्या झी मराठीच्या, निम्म्या स्टार प्रवाहच्या, आणि अधूनमधून सोनी मराठीवरचं विनोदी काहीतरी. केबल होती तेव्हा या तिन्ही चॅनलचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, चष्मा नसला तरी रिमोट चालायचा. आता झी मराठीचं बघायचं तर झी5, स्टार प्रवाहचं बघायचं तर जिओहॉटस्टार, सोनी मराठीचं बघायचं तर सोनी लिव्ह. म्हणजे आठ वाजताची मालिका संपली की साडेआठच्या मालिकेसाठी एका अ‍ॅपातून बाहेर या, दुसरं उघडा, मग तुमचं प्रोफाइल कुठलं ते विचारणार, मग मालिका शोधा, मग कालचा एपिसोड की आजचा ते बघा. त्या हे करू शकत नाहीत. मी किचनमध्ये असले तर त्या हाक मारत नाहीत, नुसत्या रिमोट हातात धरून बसून राहतात, आणि मी बाहेर आले की म्हणतात राहू दे गं, झालं असेल आता. हे मला फार लागतं. ज्या माणसासाठी आपण तीन ठिकाणी पैसे भरलेत त्याच माणसाला ते वापरता येत नाही.

आता पैशाचं सांगते. नेटफ्लिक्सचा 199 वाला बेसिक प्लॅन, वर्षाचे 2388. प्राइमचे 1499. जिओहॉटस्टारचा सुपर प्लॅन आम्ही 899 ला घेतला होता. झी5, सोनी लिव्ह आणि मुलाच्या एफवनसाठी, म्हणजे गाड्यांच्या शर्यतींसाठी, फॅनकोड धरून सगळं साधारण आठ हजारांच्या घरात गेलं. वायफायचं बिल वेगळं. मला आठ हजार जड झाले असं मी म्हणणार नाही, पाच माणसांची वर्षभराची करमणूक आहे, थिएटरला एकदा सगळे गेलो तर पॉपकॉर्न धरून दोन हजार सहज जातात. माझं म्हणणं पैशाबद्दल कमी आणि त्या पैशात काय येतं आणि ते कुठे असतं याबद्दल जास्त आहे, कारण ते सारखं बदलतं आणि बदलताना आपल्याला कुणी विचारत नाही.

एचबीओ या अमेरिकन चॅनलचंच बघा ना. त्यांच्या सिरीज हॉटस्टारवर होत्या, नवऱ्याने त्याच्यासाठीच वर्षाचा प्लॅन घेतलेला. 31 मार्च 2023 नंतर त्या तिथून गेल्या. मे महिन्यात त्याच सिरीज जिओसिनेमावर आल्या, तिथे प्रीमियमचे वर्षाला 999. मग एप्रिल 2024 मध्ये जिओसिनेमाने तोच प्रीमियम महिना 29 रुपयांवर आणला, म्हणजे ज्यांनी आधी 999 भरले त्यांनी काय समजायचं. आणि 14 फेब्रुवारी 2025 ला हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. दोन वर्षांत तीच सिरीज फिरून फिरून जवळजवळ मूळ घरी परत आली आणि बघणारा माणूस तिच्या मागे अ‍ॅप बदलत पळतोय.

क्रिकेटचं तसंच. 2023 आणि 2024 ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिली, लोकांना मोबाइलवर मॅच बघायची सवय लागली, सासरे तर चार्जर लावूनच बसायचे. 2025 ला त्याला पैसे लागले. लागू देत, हक्कांना हजारो कोटी मोजलेत तर ते कुठून तरी वसूल करणारच, तक्रार नाही. पण मग सप्टेंबरमध्ये आशिया कप आला आणि तो सोनी लिव्हवर. सासऱ्यांना मी तीन वेळा समजावून सांगितलं की बाबा, टीम तीच आहे पण अ‍ॅप वेगळं, त्यांना पटेचना, ते म्हणाले आपण भरलेत ना पैसे क्रिकेटचे. त्यांचं बरोबर आहे. माणूस क्रिकेटचे पैसे भरतो, प्रक्षेपण हक्कांच्या कराराचे नाही.

प्राइमबद्दल वेगळं लिहायला हवं. आम्ही वर्षाचे 1499 भरलेले असताना 17 जून 2025 पासून मध्येच जाहिराती सुरू झाल्या, आणि नको असतील तर वर्षाला आणखी 699 किंवा महिन्याला 129. आम्ही नाही भरले. जाहिरात असणं वाईट नाही, टीव्हीवर आयुष्यभर बघितल्यात, पण ज्या अटीवर पैसे घेतले ती अट वर्षाच्या मध्ये बदलणं मला पटलेलं नाही. नेटफ्लिक्सचा 199 चा प्लॅन एका वेळी एकाच स्क्रीनवर चालतो, मुलगी अभ्यास संपवून काही लावते तेव्हाच नेमकं नवऱ्याला लावायचं असतं. आणि जुलै 2023 पासून पासवर्ड एका घरापुरताच, त्यामुळे गावाकडच्या घरी चालू होतं ते बंद झालं.

एक अनुभव नाव न घेता सांगते. या सहापैकी एक आम्हाला बंद करायचं होतं. टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये बंद करायचं बटणच नाही, मोबाइलवर पण नाही, शेवटी लॅपटॉपवर वेबसाइट उघडून चार पानं आत जावं लागलं आणि तिथेही दर पानावर नक्की का, खरंच का असं विचारत होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज येतो म्हणून कळलं तरी, नाहीतर वर्षाचे गेलेच होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या अ‍ॅपमधल्या युक्त्यांची, जी यादी काढली त्यात असं सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम आहे, फक्त ते बटण अजून चार पानं आत आहे.

आता ज्याच्यासाठी खरं हे लिहायला बसले ते. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे पुण्यात, दिवाळीत आला होता. रविवारी रात्री सगळ्यांनी मिळून एक मराठी सिनेमा बघायचं ठरलं. मी सहाही अ‍ॅपमध्ये शोधला, टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर दाबत, मराठी नाव इंग्रजी स्पेलिंगने, त्यात एक ए की दोन ए ते माहीत नाही. वीस मिनिटं गेली. कुठेच नाही. पुतण्याने तेवढ्यात टेलिग्रामवरून उतरवून टीव्हीला लावला पण. चार मिनिटं लागली त्याला. सगळे खूश, सासूबाई म्हणाल्या बघ, पोराला किती पटकन सापडलं.

मला त्या रात्री बसवेना तिथे. माझा मावसभाऊ मराठी सिनेमात साउंडचं काम करतो. त्याच्या एका सिनेमाची थेटर प्रिंट तिसऱ्या दिवशी टेलिग्रामवर होती, कुणीतरी मोबाइल धरून काढलेली, मागे लोक खोकतायत. त्याने दोन महिने पाऊस, एसटी स्टँड, विहिरीचा रहाट असले आवाज जागेवर जाऊन रेकॉर्ड केले होते आणि लोकांनी ते त्या प्रिंटमध्ये ऐकले. मराठी सिनेमाला आधीच शो मिळतात सकाळी साडेअकराचे, आठवडा टिकला तर टिकला. मग ओटीटीवाले घेतील ही आशा असते आणि बऱ्याच मराठी निर्मात्यांची तक्रार आहे की तिथे मराठीला विचारत नाहीत. त्याचा तो सिनेमा आजही कुठल्याच अ‍ॅपवर नाही. म्हणजे तो बघायचा तर फक्त चोरूनच बघता येतो. मला कुणी विचारलं की ताई, भावाचा सिनेमा कुठे बघू, तर माझ्याकडे उत्तर नाही.

पुतण्याशी मी भांडले नाही, बोलले. तो म्हणाला काकू, मी पूर्वी नव्हतो करत, दोन अ‍ॅप होते तेव्हा सगळं मिळायचं, रूमवर चौघांनी मिळून भरायचो. मग पासवर्ड बंद झाले, सिनेमे विखुरले, आणि हवं ते नेमकं आपण न घेतलेल्या अ‍ॅपवर असायला लागलं. त्याचं म्हणणं एकट्याचं नाही. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांचा ऑक्टोबर 2024 चा रिपोर्ट आहे, त्यात 2023 मधला भारतातल्या पायरसीच्या, म्हणजे चोरीच्या बाजाराचा आकडा 22,400 कोटी रुपये दिलाय, त्यातले 13,700 कोटी थिएटरच्या सिनेमांचे आणि 8,700 कोटी ओटीटीचे, आणि बघणाऱ्यांपैकी 51 टक्के लोक कुठे ना कुठे चोरीचं बघतात. कारणं म्हणून त्यात किमतीबरोबर हेच लिहिलंय, अनेक सबस्क्रिप्शन सांभाळायची कटकट आणि हवं ते न मिळणं. त्याच रिपोर्टमध्ये असंही आहे की चोरीचं बघणाऱ्यांतले 64 टक्के लोक जाहिराती असल्या तरी चालतील, फुकट आणि अधिकृत द्या, आम्ही येतो असं म्हणतात.

कायदा कडक झालाय. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर सिनेमा चोरून रेकॉर्ड केला की तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड तीन लाखांपासून थेट निर्मिती खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. हवाच तो. पण एक चॅनल बंद झालं की पुतण्याच्या ग्रुपवर तासाभरात नवीन लिंक येते, आणि त्या प्रिंटवर सट्ट्याच्या अ‍ॅपच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, कॉलेजची पोरं त्याच बघतात. मला त्याची जास्त भीती वाटते.

मग यावर उपाय म्हणून जे एक बिल, सगळे ओटीटी वाले पॅक निघालेत त्याबद्दल. एअरटेलने मे 2025 मध्ये 279 रुपयांचा महिन्याचा पॅक काढला, नेटफ्लिक्स बेसिक, जिओहॉटस्टार, झी5 आणि सोनी लिव्ह वगैरे धरून पंचवीसच्या वर ओटीटी. बहिणीकडे आहे, तिच्याकडे चार दिवस राहून बघितलं. हिशोबाने स्वस्त पडतं यात वाद नाही, वेगवेगळं भरण्यापेक्षा खूपच, आणि एकच तारीख लक्षात ठेवायची हे मोठं सुख. पण टीव्हीवर नेटफ्लिक्स उघडायला नेटफ्लिक्समध्येच जावं लागतं, म्हणजे बिल एक झालं, दारं वेगळीच राहिली. सासूबाईंचा प्रश्न तसाच. मला बिल नाही, शोधायची जागा एक पाहिजे. तोवर मी जस्टवॉच वापरते, सिनेमाचं नाव टाकलं की भारतात कुठल्या अ‍ॅपवर आहे ते सांगतं. मोबाइलवर बघून मग टीव्ही लावायचा, एक पायरी वाढते पण वीस मिनिटं वाचतात. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आजच लावून बघा.

दोन गोष्टी मनापासून आवडल्या. प्रसार भारतीचं वेव्हज, नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी या फिल्म फेस्टिव्हलमध्ये सुरू झालं, दूरदर्शनचं जुनं आहे त्यावर आणि बरंचसं फुकट आहे. सासरे दुपारी तेच बघतात. अ‍ॅप अजून सफाईदार नाही पण त्यांना त्याने फरक पडत नाही. दुसरं म्हणजे आमिर खानने 1 ऑगस्ट 2025 पासून सितारे जमीन पर यूट्यूबवर 100 रुपयांत दिला, सबस्क्रिप्शन नाही, अ‍ॅप बदलणं नाही, ज्याला बघायचा त्याने शंभर द्यावेत. आम्ही घरच्यांनी मिळून बघितला. मराठी सिनेमांनी हे करावं असं मला फार वाटतं, पन्नास रुपये ठेवा, थिएटरमधून उतरल्यावर महिनाभरात ठेवा, यूट्यूब सासूबाईंना सुद्धा लावता येतं. मावसभावाला मी हे फोन करून सांगितलं, तो म्हणाला निर्मात्याशी बोलतो.

या वर्षी आम्ही झी5 आणि जिओहॉटस्टार ठेवतोय, ते सासूबाईंचे आणि बाबांचे. प्राइम नाही भरणार. नेटफ्लिक्स मुलीच्या परीक्षा झाल्यावर एप्रिलपासून, महिन्याने. फॅनकोड सीझन सुरू झाला की. सोनी लिव्ह एखादी स्पर्धा असेल त्या महिन्यापुरतं. टीव्हीच्या पहिल्या स्क्रीनवर आता दोनच चौकोन ठेवलेत, एकावर लाल टिकली चिकटवलीय आणि एकावर निळी, मालिकांची यादी तशीच लाल आणि निळ्या पेनाने लिहून टीव्हीच्या बाजूला लावलीय. काल आठ वाजता मी बाहेर आले तेव्हा साडेआठची मालिका लागलेली होती.