मॉडेल कारचा रंग: स्प्रे कॅन घ्यावा की एअरब्रश?

मॉडेल कारचं जोडायचं किट घरी येतं, खोक्यावरची लालभडक गाडी डोळे भरून बघून होते आणि मग प्रश्न उभा राहतो: हा रंग द्यायचा कशाने? तयार स्प्रे कॅन आणावा, की एकदाच काय ते पैसे घालून एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घ्यावा? मी पहिली चार वर्षं फक्त कॅनवर काढली, मग एअरब्रश घेतला. आज दोन्ही माझ्या टेबलावर आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. फिनिश कुणाचं चांगलं, यावर हे ठरवू नका. आरशासारखी गाडी दोन्हींनी निघते. तुम्ही रंगवायला घरात कुठे उभे राहणार आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत रंगवणार, यावर ठरवा. नाशकात राहणाऱ्याला हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे.

दोन्हींत मूळ फरक कुठे आहे ते आधी बघू. बहुतेक कार किट १/२४ किंवा १/२५ मापाची असतात. खऱ्या गाडीचं दार आणि फेंडर यांच्यातली फट ४ मिलिमीटर धरली, तर १/२४ वर ती ०.१७ मिलिमीटर होते. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून (खालचं अस्तर) क्लिअरपर्यंतचा (वरचा पारदर्शक हात) सगळा थर १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. त्याला चोवीसने भागलं तर चार ते सहा मायक्रॉन. इतका पातळ थर आपल्यापैकी कुणालाच देता येणार नाही. म्हणजे मॉडेलवर रंग नेहमीच जाड असतो, आणि प्रत्येक जादा हातागणिक दाराची ती रेघ बुजत जाते. कॅनचं बटण दाबलं की रंग किती यायचा आणि किती जोरात यायचा, हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. एअरब्रशमध्ये हवा, रंग आणि तो पातळ करणारं थिनर तिन्ही तुमच्या हातात असतात, त्यामुळे थर पातळ ठेवता येतो. कॅनने रंगवणार असाल तर प्रायमरच्या आधी दाराच्या, बॉनेटच्या, डिकीच्या रेघा ब्लेडच्या उलट्या बाजूने हलक्या हाताने दोन-तीनदा खोल करून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते केलेली आणि न केलेली गाडी शेजारी ठेवली तर लांबूनही ओळखू येते.

आपलं हवामान

जुलैतली गोष्ट. तामिया या जपानी कंपनीची १/२४ माझदा एमएक्स-५ होती, पांढऱ्या रंगाची. दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून मी इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत कॅन काढला. टीएस-२६ या पांढऱ्याचे दोन पातळ हात छान बसले. मग टीएस-१३, म्हणजे क्लिअरचा ओला हात दिला. पाच मिनिटांत बॉनेटवर साय धरल्यासारखा दुधाळ पट्टा आला, आणि बघता बघता तो छतापर्यंत पसरला. बाहेर पाऊस नव्हता, पण हवा ओलीगच्च होती. या कॅनमधला रंग लॅकर, म्हणजे झटपट सुकणारा असतो. त्याचं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं आणि हवेतला ओलावा त्या गार थरावर बसून आत अडकतो. तोच दुधाळपणा.

वडाळा नाक्याजवळच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये एक पेंटर काका आहेत, खऱ्या गाड्या रंगवणारे. बॉडी त्यांना नेऊन दाखवली. त्यांनी ती उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, “पावसाळ्यात आम्ही थिनर बदलतो. सावकाश उडणारं घालतो. तुमच्या डब्यात ते कसं बदलणार?”

सगळी तुलना या एका प्रश्नात आली. कॅनमधलं थिनर बदलता येत नाही. एअरब्रशच्या कपात मात्र साध्या लॅकर थिनरऐवजी लेव्हलिंग थिनर घालता येतं. त्यात रिटार्डर असतो, रंग सावकाश सुकतो, ओलाव्याला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि थर आपोआप सपाटही बसतो. माझी ती माझदा वाचली. ऑक्टोबरच्या कोरड्या सकाळी क्लिअरचा आणखी एक हलका ओला हात दिला, खालचा थर थोडा विरघळला आणि दुधाळपणा निघून गेला. पण त्यासाठी तीन महिने थांबावं लागलं.

तेव्हा कॅनवाल्याने जून ते सप्टेंबर रंगाचं काम नाहीच असं धरून चालावं. त्या काळात इंजिन, चाकं, आतली कामं करत राहावं. पावसाळ्यात एअरब्रशही अगदी निर्धास्त नसतो. हवा दाबली की तिच्यातलं पाणी वेगळं होतं आणि नळीतून थेंब येऊन थेट बॉनेटवर पडतो. कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा भाग, हवाच, आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून रोज पाणी काढायला हवं.

थंडीत वेगळी अडचण असते. निफाडकडे पारा उतरतो तेव्हा आपल्याकडेही सकाळी कॅनमधला दाब कमी होतो आणि रंग थेंबाथेंबाने थुंकल्यासारखा पडतो. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. पाणी हाताला सोसेल इतकंच, आणि गॅसजवळ तर कॅन नेऊच नका. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं: रंग गाडीवर पडण्याआधीच हवेत सुकतो आणि बॉडी हाताला खरखरीत लागते. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ ही वेळ दोन्हींसाठी चांगली.

घरात जागा कुठली?

कॅन मोठा फवारा मारतो. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून मारलेला निम्मा रंग गाडीवर न बसता हवेत जातो. घराला गच्ची असेल तर प्रश्नच नाही, पण फ्लॅटची गॅलरी असेल तर खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी आधी बघाव्या लागतात. संक्रांतीच्या सुमारास पतंगाला जो वारा छान, तोच कॅनला वाईट; फवारा वाकतो आणि धूळ ओल्या रंगात येऊन बसते. मी तेव्हा मोठं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात रंगवायचो.

एअरब्रशचा फवारा अरुंद असतो, दाब १५ ते २० पीएसआय पुरतो. खिडकीला एक्झॉस्ट लावलेला छोटा बूथ ठेवला की रात्री दहा वाजताही खोलीत बसून काम होतं. लहान कॉम्प्रेसरचा आवाज जुन्या फ्रिजइतका असतो, पण भिंतीपलीकडे झोपलेलं बाळ असेल तर तोही विचारात घ्या. टाकीवाला कॉम्प्रेसरच घ्या. टाकीमुळे हवा धक्क्याधक्क्याने येत नाही, आणि लाइट गेली तर हातातला फवारा पुरा करण्यापुरती हवा उरते.

वाफेचं मात्र दोन्हीकडे सारखंच. एन-९५ मास्क कण अडवतो, लॅकरची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि हा खर्च टाळण्यासारखा नाही. फवारा आणि वाफ दोन्ही पेट घेतात. देवघरात समई तेवत असेल, स्वयंपाकघरात गॅस चालू असेल, तर त्या वेळी घरात रंगवू नका. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचं क्लिअर, अप्रतिम चकाकतं. पण त्यातले आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतात. घरात लहान मुलं असतील तर माझं उत्तर सरळ नाही असंच आहे.

पैसे आणि वेळ

एका कारला प्रायमर, रंग आणि क्लिअर असे तीन कॅन लागतात, पण एका कॅनमध्ये दोन-तीन गाड्या होतात. टाकीवाला कॉम्प्रेसर आणि ०.३ मिलिमीटर नोझलचा बऱ्यापैकी एअरब्रश मिळून साधारण डझनभर चांगल्या कॅनइतका खर्च येतो. वर थिनर, बूथ आणि सफाईचं सामान. दहा मिलिलिटरची बाटली पातळ केल्यावर बॉडीला भरपूर पुरते, त्यामुळे पुढचा खर्च कमी असतो. वर्षाला दोन गाड्या करणाऱ्याचे हे पैसे वसूल होणार नाहीत. वर्षाला आठ करणाऱ्याचे होतील.

वेळेचं गणित कुणी आधी सांगत नाही. कॅन हलवायचा, मारायचा, उलटा धरून नोझल मोकळं करायचं, झालं. एअरब्रशमध्ये प्रत्येक रंगानंतर कप धुवायचा, थिनर सोडायचं, आणि शेवटी सुई काढून पुसायची. दहा मिनिटं जातात. “उद्या धुऊ” म्हणून ठेवलेला एअरब्रश उद्या चालत नाही. ज्यांना कामावरून आल्यावर तासभरच मिळतो, त्यांनी हे खरंच मनात धरावं.

एअरब्रश निर्विवाद पुढे आहे तो रंग जुळवण्यात. कॅनमध्ये जे छापलंय तेच मिळतं. घरच्या जुन्या फियाटचा तो दुधी रंग हवा असेल, तर तो पांढऱ्यात पिवळा आणि किंचित तपकिरी घालून कपातच करावा लागतो. या दोन्हींच्या मधलीही एक वाट आहे: कॅनमधला रंग स्ट्रॉने काचेच्या बाटलीत काढायचा, झाकण सैल ठेवून रात्रभर त्यातला वायू जाऊ द्यायचा आणि मग एअरब्रशने मारायचा. घाई केली तर रंग फेसाळून उतू जातो. आणि कॅनला भोक कधीही पाडायचं नाही.

कॅन घेताना एक चूक बरेच जण करतात. तामियाचा टीएस कॅन स्टायरीनच्या, म्हणजे आपल्या कडक प्लास्टिकच्या किटसाठी असतो, पीएस हा रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी. दोन्ही दिसायला सारखे, पण पीएस आपल्या किटवर मारायचा नसतो. गाड्यांच्या दुकानातला स्वस्त कॅन वापरायचा असेल तर आधी किटचे भाग काढून उरलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमवर मारून बघा, कारण काहींचं थिनर प्लास्टिक खातं. पूर्वी आम्ही प्लास्टिकच्या चमच्यांवर चाचणी घ्यायचो. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आली, तेव्हापासून फ्रेमचे तुकडे जपून ठेवतो. आणखी एक: कॅन ज्वलनशील माल म्हणून बहुतेक रस्त्यानेच येतो. बाहेरून मागवणार असाल तर दिवस हाताशी ठेवून मागवा.

चकाकी येते ती घासण्याने

कॅन असो की एअरब्रश, शेवटचा रंग सुकल्यावर थोडा संत्र्याच्या सालीसारखा दिसतोच. तिथे थांबलेली गाडी खेळण्यासारखी वाटते. निदान आठवडाभर थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त. बॉडी नाकाशी धरून वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर रंग आतून ओला आहे. मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा, त्यावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि छतापासून सुरुवात. दाब बोटाच्या टोकाचा नाही, पेरांच्या सपाट भागाचा. पाणी दुधी होतं, चकाकी जाऊन सगळं एकसारखं मंद होतं. चमकणारा ठिपका उरलाय तिथे अजून खड्डा आहे. त्यानंतर ३०००, मग कंपाउंडचे (घासून चकाकी आणणारी पेस्ट) दोन-तीन प्रकार, जाड ते बारीक, मऊ सुती कापडाने.

दाराच्या कडा आणि फेंडरची धार यांना पेपर लावायचा नाही. तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि दोनदा घासताच खालचं प्लास्टिक दिसतं. मी घासण्याआधी कडांवर मास्किंग टेपची अरुंद पट्टी लावतो. इथे मात्र कॅनच्या जाड क्लिअरचा उपयोग होतो: घासायला माल जास्त असतो. एअरब्रशने क्लिअर देताना तीन ओले हात तरी द्यावेच लागतात, नाहीतर पॉलिश करताना रंगापर्यंत पोचाल. डेकल, म्हणजे बॉडीवर चिकटवायची चित्रं-अक्षरं, असतील तर दोन्हींत पहिले दोन हात अगदी कोरडे, धुक्यासारखे द्या. टीएस-१३ चा पहिलाच हात ओला पडला तर डेकल सुरकुततात.

आतल्या डॅशबोर्डला, सीटच्या पट्ट्यांना, इंजिनच्या नळ्यांना यातलं काहीच नको. तिथे पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक आणि शून्य नंबरचा ब्रश पुरेसा आहे.

आता ठरवायचं कसं? घराला गच्ची आहे, वर्षाला दोन-तीनच गाड्या करायच्या आहेत आणि पावसाळ्यात थांबायची तयारी आहे, तर कॅन घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगला मास्क आणि कंपाउंड आणा. पहिल्या तीन गाड्या तर सगळ्यांनीच कॅनने कराव्यात असं मला मनापासून वाटतं. हात किती वेगाने फिरवायचा, ओला थर कसा दिसतो, ओघळ यायच्या आधी कुठे थांबायचं, हे त्यात शिकून होतं आणि एअरब्रश हातात आल्यावर उपयोगी पडतं. फ्लॅटमध्ये राहता, रात्रीच वेळ मिळतो आणि जुलैतही हात थांबवायचा नाही, तर कॉम्प्रेसरसाठी आजपासून पैसे बाजूला टाका. किट पावसाळ्यातच हाती आलं असेल आणि घरात कॅनच असेल, तर बॉडी साबणाने धुऊन घ्या, रेघा खोल करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवून द्या. दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की एका सकाळी प्रायमर मारायला घ्या.