पन्नाशीनंतर कपडे कसले घ्यावेत? काही महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

निष्कर्ष आधी सांगून टाकते. पन्नाशीनंतर एखादा कपडा शोभतो की नाही, हे रंग, छपाई किंवा लांबी यांवर फार कमी ठरतं. ते ठरतं खांद्यावर आणि कापडावर. खांद्याची शिवण जागेवर बसली आणि कापड अंगाला सोसणारं असलं, की डाळिंबी रंगही शोभतो आणि मोठाली फुलंही शोभतात. या दोन गोष्टी बिघडल्या तर सगळ्यात साधासुधा राखाडी टॉपसुद्धा काकूबाई दिसतो. गेले काही महिने कामावर, प्रवासात, घरी तेच ठरावीक कपडे मी आलटून पालटून घालतेय, धुतेय, इस्त्री करतेय. कपड्यांची आवड मला पहिल्यापासून आहे. या वयात ती आवरती घ्यावी असं कुणी सुचवलं की मला मनापासून राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात शरीरापासून करावी लागेल. पाळी बहुतेकींची ४५ ते ५५ या वयात थांबते. इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटावर साठायला लागते. त्यामुळे वजनाचा काटा जागचा हलला नाही तरी कंबर वाढते. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, उंची थोडी कमी होते, खांदे किंचित पुढे येतात, छातीचा उंचवटा खाली उतरतो. शिवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर पाठीला कापड जास्त लागतं आणि पुढे कमी. तयार कपडा मात्र बहुधा ताठ पाठीच्या तरुण मुलीच्या मापावर बेतलेला असतो. पोटावर घट्ट होतो म्हणून आपण एक साइज मोठा घेतो, तेव्हा तोच साचा सगळीकडून वाढतो. खांदा वाढतो, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) उतरतो, गळा पसरतो, म्हणजे जिथे वाढ नको तिथेही. आपल्या कपड्यांना जो ढगळपणा येतो तो इथून येतो.

साइजचा हा घोळ जुना आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली होती. १९५८ साली तिथे स्त्रियांच्या साइजचं जे प्रमाण जाहीर झालं त्याचा पाया हीच मापं होती. १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेतलं गेलं. पुढे १९९०च्या दशकात एएसटीएम या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने ५५ आणि त्याहून जास्त वयाच्या स्त्रियांसाठी मापांचे वेगळे तक्ते काढले. म्हणजे आपलं शरीर वेगळ्या मापाचं असतं हे कपड्यांच्या जगाला ठाऊक आहे. पण असे तक्ते पाळायची सक्ती कुणावर नसते, त्यामुळे एका ठिकाणचा मीडियम दुसरीकडे लार्ज निघतो. साइजचा आकडा मनाला लावून घेण्यात काही अर्थ नाही. मी आता लेबल शेवटी बघते.

आधी बघते ती खांद्याची शिवण. ती खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. त्याच्या खाली बोटभर जरी उतरली तरी बाही लोंबते, मुंढ्यापाशी चुण्या पडतात आणि माणूस आहे त्याहून वाकलेला दिसतो. मग बटणं लावून दोन्ही हात समोर घेते, गाडी चालवताना घेतो तसे. पाठीत ताण आला तर पाठ कमी पडतेय. हात वर केल्यावर सगळा शर्ट वर सरकला तर मुंढा फार खोल आहे. मुंढा उंच आणि नेटका असला की हात मोकळे फिरतात, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते, पण घालून बघितल्यावर लगेच पटते. शेवटी बाजूने आरशात बघते. शर्टची खालची कड पुढून खाली आणि मागून वर गेली असेल तर खांदे पुढे आल्यामुळे पाठीला कापड अपुरं पडतंय. मागची कड थोडी लांब ठेवलेले शर्ट मिळतात, ते याच कारणाने आपल्याला छान बसतात.

छातीजवळचे टक्सही, म्हणजे कापडाला उंचवट्याचा आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या, बघायला हव्यात. टक्सचं टोक उंचवट्याच्या दिशेने जाऊन त्याच्या जरा अलीकडे थांबायला हवं. तयार कपड्यात ते आपल्यासाठी बहुधा वर असतं, मग वर रिकामा फुगा आणि खाली ताण. शिंप्याकडून टक्स खाली घेता येतो, पण कपडा न उसवता पुरती दुरुस्ती होत नाही. म्हणून टक्स असलेला तयार टॉप नीट बसला तरच घ्यावा, नाहीतर सरळ टक्सशिवायचा, मऊ पडणाऱ्या कापडाचा घ्यावा. आणि या सगळ्याच्या आधी आतल्या कपड्यांचं माप पुन्हा घ्या. पाळी गेल्यावर ते बदलतं, आणि ब्राचा मुख्य आधार खांद्याच्या पट्ट्यांवर नसतो, छातीखालच्या पट्ट्यावर असतो. तो सैल असेल तर वर कितीही महागाचा शर्ट घाला, बसणार नाही.

आता कापड. या महिन्यांत सगळ्यात जास्त शिकवलं ते कापडाने.

लिनन पहिल्या दिवशी फार कडक वाटलं होतं. प्रत्येक धुण्याबरोबर ते मऊ होत गेलं आणि आज कपाटात सगळ्यात आधी हात जातो तो त्या निळ्या लिननच्या शर्टकडे. जवसाच्या खोडापासून काढलेला हा धागा ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, त्यामुळे वारंवार धुऊनही शर्टच्या कॉलरची घडी विरलेली नाही. चुरगळतो, हे खरं. धाग्यात लवचिकपणा नसल्यामुळे चुरगळणारच. मी तो ओलसर असतानाच झटकून हँगरवर लावते आणि फक्त कॉलर, पुढची पट्टी आणि कफ एवढ्यावरच इस्त्री फिरवते. तेवढा भाग नेटका दिसला की बाकीच्या सुरकुत्या रुबाबदार दिसतात.

व्हिस्कोस, ज्याला काही जण रेयॉन म्हणतात, हाताला लिननच्या दसपट आवडलं. पडतंही सुंदर, पोटावरून सरळ उतरतं, कुठे चिकटत नाही. पण ओलं झाल्यावर या धाग्याची ताकद खूप घटते. माझ्या वांगी रंगाच्या टॉपच्या शिवणी पिळण्याने काखेपाशी सरकल्या आणि लांबी पहिल्या काही धुण्यांतच आखडली. 'बांबूचं कापड' म्हणून जे विकलं जातं तेही बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं, तेव्हा नावावर भाळू नका. तसंच मऊ पण जास्त टिकाऊ हवं असेल तर लायोसेल बघा. तेही लाकडाच्या लगद्यापासूनच बनतं, पण ओलेपणी व्हिस्कोसपेक्षा बरंच बळकट राहतं. माझी लायोसेलची ट्राउझर आजही पहिल्यासारखी पडते, फक्त मांडीच्या आतल्या बाजूला थोडी लव उठली आहे.

पॉलिएस्टरबद्दल स्पष्ट बोलते. इस्त्री लागत नाही, रंग जात नाही, प्रवासाला सोयीचं, सगळं मान्य. पण ज्या बाईच्या अंगातून दिवसातून कधीही गरम वाफा निघतात तिने ते अंगालगत घालू नये. सुती धागा हवेतून स्वतःच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के ओलावा सामावून घेतो, लिनन आणि व्हिस्कोस त्याहून जास्त, आणि पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. मीटिंगमध्ये अचानक मान, छाती, पाठ पेटते, घाम सुटतो आणि तो पॉलिएस्टरच्या आत तसाच साचून राहतो. काही मिनिटांनी वाफ ओसरते आणि ओल्या पाठीला थंडी वाजायला लागते. सुती किंवा लिननच्या शर्टमध्ये तोच प्रसंग कुणाच्या लक्षातही न येता निघून जातो. पातळ थरांवर थर घालायचे, वरचा पटकन काढता येईल असा, हे सगळ्यात उपयोगी तंत्र ठरलं. पुढून उघडा, बिनबाह्यांचा लांब जॅकेटसारखा थर माझ्याकडे आहे, तो खांद्यापासून गुडघ्यापर्यंत दोन उभ्या रेषा देतो आणि काढला तरी आतला शर्ट पूर्ण कपडा म्हणून उभा राहतो.

जॅकेट घेताना अस्तर उलटून बघा. बाहेरून लिनन आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर असा प्रकार सर्रास असतो. माझ्या एका जॅकेटचं तसलं अस्तर उसवून पातळ सुती अस्तर लावून घेतलं आणि जो कपडा नुसता लटकून राहिला असता तो आठवड्यातून दोनदा अंगावर असतो. जॅकेट हा तसा आपल्या वयाचा हक्काचा कपडा. कोको शनेलने १९५४ मध्ये आपलं बंद पडलेलं फॅशनचं काम पुन्हा सुरू केलं तेव्हा ती ७० वर्षांची होती. जगभर गाजलेलं तिचं ते बिनकॉलरचं, सरळ कापाचं जॅकेट त्यानंतरचं. त्याच्या अस्तराच्या कडेला आतून बारीक साखळी शिवलेली असते, वजनाने कपडा सरळ पडावा म्हणून. आपल्याला साखळी नको, पण कडेला दुमड रुंद ठेवली तरी तोच परिणाम साधतो.

कमरेचा प्रश्न मात्र मला महिनाभर वापरल्यावरच नीट कळला. पूर्ण इलॅस्टिकची ट्राउझर बसायला आरामाची, पण शर्ट आत खोचता येत नाही आणि धुता धुता इलॅस्टिक पट्टीच्या आत पीळ खातं. दर वेळी बोटांनी सरळ करत बसायचं. पुढून सपाट पट्टी आणि फक्त मागच्या अर्ध्या भागात इलॅस्टिक, तेही मधून टीप मारून बसवलेलं, हा प्रकार सगळ्यात चांगला निघाला. समोरून शिस्तीचा दिसतो, जेवण झाल्यावर टोचत नाही, पीळही पडत नाही. उंच कंबर नाभीच्या जरा खाली थांबणारी असावी. नाभीवर आवळणारी दिवसभर सोसत नाही आणि फार खाली असलेली पोटाला वरून दुमडते. ट्राउझरच्या कापडात दोन-तीन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असेल तर गुडघे फुगत नाहीत, पण त्याहून जास्त असलं की कापड अंगावरचा प्रत्येक उंचसखल भाग दाखवतं. इलास्टेन उष्णतेने आणि क्लोरीनच्या ब्लीचने खराब होतं. गार पाण्यात धुवा, ड्रायर टाळा, कडक इस्त्री फिरवू नका. माझ्या मैत्रिणीने अगदी तशीच ट्राउझर गरम पाण्यात धुतली आणि तिची सीट काही महिन्यांतच लोंबली.

खिसे नसलेली ट्राउझर मी घेत नाही. यावर चर्चा नको.

रंगांविषयी. केस पांढरे झाले आणि त्वचेचा रंग थोडा फिका पडला की चेहऱ्याजवळचे काही जुने रंग खरंच बेरंग दिसतात. माझ्या बाबतीत फिका पिस्ता आणि मातकट बदामी हे दोन गेले. पण उत्तर म्हणून अंग झाकायला काळा-करडा नेसून बसणं हे मला अजिबात मान्य नाही. पांढऱ्या केसांजवळ मोरपंखी, डाळिंबी, गडद निळा, राणी कलर जे उठतात ते काळ्याभोर केसांजवळही उठत नव्हते. आयरिस ॲप्फेल या अमेरिकन बाईंच्या कपड्यांचं आणि दागिन्यांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २००५ मध्ये भरवलं तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या, आणि ९७व्या वर्षी एका मोठ्या मॉडेलिंग एजन्सीने त्यांना करारबद्ध केलं. एवढे मोठे चष्मे आणि एवढे रंग सगळ्यांना झेपतील असं नाही, मलाही नकोत. पण 'या वयात कुठे रंगीत' म्हणणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरे आहे. आवडता रंग चेहऱ्याला साथ देत नसेल तर तो खाली ट्राउझरमध्ये घाला, चेहऱ्याजवळ दुसरा ठेवा.

गळा आणि बाही यांचा हिशेब छोटा आहे. फार बंद गोल गळ्यापेक्षा थोडा उघडा व्ही किंवा वरचं एक बटण मोकळं ठेवलेली कॉलर मान लांब दाखवते. बाही कोपराच्या खाली आणि मनगटाच्या वर संपली की हाताचा सगळ्यात बारीक भाग दिसतो. दंड झाकावेत की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, माझे मी उन्हाळ्यात उघडे ठेवते.

परत घेईन असे कपडे: लिननचा शर्ट, मागे इलॅस्टिकची लायोसेल ट्राउझर, बिनबाह्यांचा लांब थर. परत न घेणार असे: स्वस्तातलं व्हिस्कोस, गळाबंद पॉलिएस्टर टॉप, आणि ते लेगिंगच्या कापडाचे 'फॉर्मल' म्हणवले जाणारे पायजमे, ज्यांना काही धुण्यांत बारीक गोळे आले. तयार कपड्यांत खांदा मिळत नसेल तर सर्वांत चांगला बसलेला जुना शर्ट शिंप्याला नमुना म्हणून द्या, पाठीला थोडी जास्त लांबी सांगा आणि बाजूच्या शिवणींत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायला सांगा, म्हणजे माप पुन्हा बदललं तरी कपडा उसवून सैल करता येतो. मी तसाच एक डाळिंबी शर्ट शिवायला टाकलाय, मुंढा उंच, मागची कड लांब, आणि दोन्ही बाजूंना खिसे.