आत्याला कॅनडाला नेण्याचा अर्ज : १४ महिन्यांचा अनुभव

माझा मावसभाऊ कॅनडात पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी आहे. आई-वडील गेल्यावर त्याला कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आत्यानं वाढवलं. आत्याला मूलबाळ नाही, यजमानही गेले. तो तिथं एकटा, ती इथं एकटी, म्हणून त्यानं तिला स्पॉन्सर करायचं ठरवलं आणि इथली धावपळ माझ्याकडे आली. अर्ज गेलाय, निकाल यायचा आहे.

आत्या, मावशी, काका यांना एरवी स्पॉन्सर करता येत नाही. सुपर व्हिसा, म्हणजे जास्त काळ राहू देणारा पाहुण्यांचा व्हिसा, तोसुद्धा फक्त आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी. एकच अरुंद वाट आहे. ज्याला जोडीदार, मुलं, आई-वडील, आजी-आजोबा कुणीच नाही, आणि ज्याची भावंडं, भाचे-पुतणे, काका-मामा-मावशी-आत्या यांपैकी कुणी कॅनडाचं नागरिक किंवा पीआर नाही, त्याला रक्ताच्या नात्यातलं एक माणूस नेता येतं, वय कितीही असो. चुलत-मावस भावंडं तिथं असली तर अडत नाही. पण माणूस एकच. माझी आई त्याची सख्खी मावशी. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अक्कांनाच ने म्हणावं. घास भरवून मोठं केलंय त्यांनी." मला भरून आलं.

इथल्या एका एजंटनं सुचवलं, कागदोपत्री आत्याला आईच दाखवू. मी तिथूनच उठले. खोटी माहिती उघडी पडली तर ५ वर्षं बंदी लागते, आणि त्या वयात ५ वर्षं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळायला हवं होतं.

खरा वेळ गेला तो भावाचे वडील आणि आत्या सख्खी भावंडं आहेत हे सिद्ध करण्यात. आत्याचा जन्म १९५८ चा, पन्हाळा तालुक्यातला. जन्मदाखला नाहीच. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ ची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली नोंद मिळाली, त्यात तारीख, बापाचं नाव आणि पुढे नुसतं "मुलगी". शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर लग्नात बदललेलं नाव. म्हणजे कागदांवर तीन वेगळ्या बायका. नावबदलाचं प्रतिज्ञापत्र केलं, जुनं रेशन कार्ड जोडलं, तरी मधली कडी सापडेना.

ती मिळाली फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीत. आत्याचे वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारस लागले तेव्हा तलाठ्यानं मुलगा आणि मुलगी अशी दोघांची नावं घातली होती, मुलीचं सासरचं नाव आणि पुढे माहेरचंही. मी पाच महिने भलतीकडे फिरत होते. तुमच्या घरी जमीन असेल तर आधी वारसाचा फेरफार काढा, बाकीचं नंतर.

मराठी कागदांचं भाषांतर मी रात्री जागून स्वतः केलं होतं. ते चालत नाही. घरच्यांचं भाषांतर कॅनडाचं इमिग्रेशन खातं स्वीकारतच नाही. सगळं पुन्हा बाहेरून पैसे देऊन करून घेतलं.

भावाला उत्पन्न दाखवावं लागलं आणि १० वर्षांची हमी द्यावी लागली. त्या काळात आत्यानं तिथं सरकारी मदत घेतली तर ते पैसे त्यानं भरायचे. हे ऐकून आत्या दोन दिवस गप्पच होती. मग म्हणाली, "पोराच्या डोक्यावर एवढं वझं कशाला?" रंकाळ्यावर बसून तिला समजावलं. मदत घेतलीच नाही तर भरायचं काहीच नाही, आणि त्यानं सही केलीय ती तू हवी आहेस म्हणून. तेव्हा कुठं तिनं पुढच्या कागदावर सही केली.

आता बायोमेट्रिक्सचं (बोटांचे ठसे आणि फोटो) पत्र आलं की पुण्याला जायचं, मग मेडिकल. त्याआधी आत्याला एकदा गावच्या शाळेत जायचंय. जनरल रजिस्टरमध्ये तिचं आणि तिच्या भावाचं नाव एकाच पानावर आहे, असं मी सांगितलं होतं. ते पान तिला स्वतः बघायचंय.